मोटार, साखर आणि दुसरी पदवी

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एक निर्णय जाहीर केला. विद्यार्थ्याला आता एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करता येईल. दोन्हीकडे वर्गात बसून शिकायचं असेल तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, ही मुख्य अट. नाहीतर एक पदवी वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणानं, असंही चालेल. ही बातमी मी वाचली आणि पान उलटलं. मी बी.ए. झालेला माणूस. एक पदवी पुरून उरली.

पण काही बातम्या घरी उशिरा पोचतात. माझ्या धाकट्या भावाची मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं घरी सांगितलं, की इंजिनिअरिंगबरोबर मला भौतिकशास्त्राची बी.एस्सी.ही करायची आहे. भावाचं उदगीरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याचा मला फोन आला, "भाईजान, तुम्हीच समजवा तिला. दोन डिग्र्यांना दोन पगार मिळतात का?" मला विचारायचं कारण उघड आहे. बिनकामाच्या गोष्टींचा घरातला जाणकार मीच. तीस-पस्तीस वर्षं कविता लिहिली, की हा मान आपोआप मिळतो.

त्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शेतकऱ्यांच्या मोटारी जळतात त्या हंगामात दुकान चालतं, एरवी रेंगाळतं. त्यातून हॉस्टेल, फी, मागं आणखी एक मुलगा. मुलगी इंजिनिअर झाली, महावितरणमध्ये लागली तर उत्तम, नाही तर लायसन्स काढून कंत्राटं घेईल, असा त्याचा सरळ हिशेब. त्या हिशेबात दुसरी पदवी म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. तर मी आधी ऐकायचं ठरवलं. पुतणीला विचारलं, "तुला इलेक्ट्रिकल आवडत नाही का?" ती म्हणाली, "आवडतं म्हणूनच, बडे अब्बा." त्यानंतर काही महिने सुटीच्या दिवशी मी तिच्याकडून शिकत होतो. आजचं बोलणं त्यातलंच आहे.

मुळात ही दोन घरं वेगळी नव्हती. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेनं तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केलं आणि तारेत वीज उठली. त्याच एका गोष्टीवर आजचे जनित्र, ट्रान्सफॉर्मर आणि विहिरीवरची मोटार उभी आहे. १८६५ मध्ये मॅक्सवेलनं वीज, चुंबक आणि प्रकाश हे एकाच कुटुंबातले आहेत, असं समीकरणांनी दाखवलं. तोवर इलेक्ट्रिकल इंजिनिअर नावाचा प्राणी वेगळा असा फारसा नव्हता. अमेरिकेतल्या प्रसिद्ध एम.आय.टी.मध्ये विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम १८८२ मध्ये सुरू झाला तो भौतिकशास्त्र विभागाच्या पोटात. स्वतंत्र विभाग व्हायला १९०२ साल उजाडलं. म्हणजे ही भावाभावांची वाटणी आहे. वाटणी झाली की मध्ये बांध पडतो, आणि दोन पिढ्यांनंतर पोरांना वाटतं, की बांध आधीपासूनच होता.

आज आपल्याकडच्या इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राचा एखादा पेपर असतो. तो सुटला, की बहुतेक मुलं त्या विषयाला कायमचा सलाम करतात. हिनं केला नाही. त्याचं कारण दुकानातली एक मोटार.

शेतात काम केलेल्या श्रोत्यांना हे माहीत असेल. तीन फेजची मोटार, त्यातली एक फेज गेली, की मोटार नुसती गुणगुणते, उठत नाही. तशीच चालू ठेवली तर जळते आणि माझ्या भावाच्या दुकानात येते. पण कुणी शाफ्टला धक्का दिला, तर ज्या बाजूला धक्का द्याल त्या बाजूला ती फिरू लागते. (हा प्रयोग कृपया कुणी करू नये. बोटं जातात.) भावाला हे पंचवीस वर्षं ठाऊक आहे. का, ते मुलीनं कॉलेजात शिकून त्याला सांगितलं. तिन्ही फेज असतात तेव्हा तीन वाइंडिंगमधले प्रवाह थोड्या थोड्या अंतरानं चढतात-उतरतात आणि तिघांचं मिळून एक चुंबकत्व मोटारीच्या पोटात गोल फिरत राहतं. रोटर त्याच्यामागं धावतो. एक फेज गेली, की हे गोल फिरणं संपतं. चुंबकत्व एकाच रेषेत पुढं-मागं होत राहतं, झोक्यासारखं. आता गंमत अशी, की असं पुढं-मागं होणं म्हणजे गणितानं दोन फिरण्यांची बेरीज आहे. एक फिरणं घड्याळाच्या काट्यांसारखं, दुसरं बरोबर उलट, दोघांची ताकद सारखी. उभ्या रोटरला दोघं दोन बाजूंना सारखंच ओढतात, म्हणून तो जागचा हलत नाही. धक्का दिला, की एकाची सरशी होते.

हे इलेक्ट्रिकलच्या पुस्तकात आहे. तिथं गोष्ट संपते, पुढं उदाहरणं सोडवायची. पण हिनं सुटीत एका नात्यातल्या मुलाचं बी.एस्सी.चं प्रकाशाचं पुस्तक चाळलं आणि तिथं हीच बेरीज पुन्हा भेटली. प्रकाशातलं विद्युत क्षेत्र एका रेषेत कंप पावत असेल, तर तोही प्रकाश म्हणजे उजवीकडे आणि डावीकडे फिरणाऱ्या दोन प्रकाशांची बेरीज. साखरेच्या पाण्यातून असा प्रकाश सोडला, की या दोन फिरणाऱ्यांपैकी एक जरा मागं पडतो, कारण साखरेचा रेणूच एका हाताचा आहे. बाहेर येईपर्यंत दोघांची बेरीज केलेली रेषा थोडी वळलेली असते. किती वळली, ते साखर किती आहे यावर ठरतं. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं हे १८२० च्या दशकात सांगितलं, तोवर तीन फेजची मोटार जन्मलीही नव्हती. आणि फ्रेनेलही, बरं का, पोटासाठी रस्ते बांधणारा इंजिनिअर होता.

आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचं 'पोल' काढतात. ते पोल म्हणजे हेच, प्रकाशाची रेषा किती वळली त्यावरून साखर मोजणं. म्हणजे ऊस उत्पादकाची न उठणारी मोटार आणि त्याच्या उसातली साखर यांच्यामागं एकच बेरीज आहे. मोटारीचं ज्ञान एका पदवीत, साखरेचं दुसऱ्या पदवीत. मला हे सांगताना पुतणीचा चेहरा जसा झाला होता, तसा चेहरा मी मुशायऱ्यात चांगला शेर पडल्यावर पाहिलेला आहे. मी तेव्हाच ठरवलं, की मुलीला समजवायचं काम माझं नाही, भावाला समजवायचं आहे.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मला रात्रभर पुरली. आपण बटण दाबतो, दिवा लगेच लागतो. माझी समजूत होती, की तारेतून वीज धावत येते. तारेतले इलेक्ट्रॉन धावत बिवत नाहीत. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी एका सेकंदात मिलिमीटरचा दहावा हिस्साही सरकत नाहीत. आणि आपल्या घरातली वीज तर सेकंदाला पन्नास आवर्तनांची. त्यात ही सरक पुढं-मागं होत राहते, ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही नसते. म्हणजे दिवा रात्रभर जळला तरी विजेच्या ओढीनं इलेक्ट्रॉन जागचा पुढं गेलेला नसतो. ऊर्जा येते ती तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून. इंजिनिअरला घराची वायरिंग करायला हे माहीत असण्याची गरज नाही. व्होल्ट, अँपिअर आणि तारेचा गेज कळला की काम होतं. पण तांब्यातून वीज जाते आणि काचेतून का जात नाही, एवढा साधा प्रश्न विचारलात, तर विद्युत मंडळाचं एकही सूत्र उत्तर देत नाही. त्यासाठी पुंज भौतिकी लागते.

यावर भाऊ म्हणेल, नाही कळलं तर काय बिघडतं? बिघडतं, त्याचं उदाहरण आहे. जॉन बार्डीन हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा मुलगा. १९२८ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९२९ मध्ये त्याच विषयाची पुढची पदवी. मग तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. चांगली चाललेली नोकरी त्यानं मंदीच्या काळात सोडली आणि प्रिन्स्टनला जाऊन १९३६ मध्ये गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल प्रयोगशाळेत शॉकली यांनी एक यंत्र कागदावर आखलं होतं, हिशेबाप्रमाणं ते चालायलाच हवं होतं, आणि चालत नव्हतं. बार्डीननं कारण शोधलं. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि बाहेरच्या विद्युत क्षेत्राला आत शिरू देत नाहीत. हे कळल्यावर वाट बदलली आणि डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. मी बोलतोय तो माइक, तुम्ही ऐकताय तो रेडिओ, खिशातला मोबाइल, सगळा त्याचा वंशविस्तार. १९५१ मध्ये बार्डीन इलिनॉय विद्यापीठात गेले ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांचे प्राध्यापक म्हणून. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला, १९५६ आणि १९७२ मध्ये, हा आजवरचा एकमेव माणूस.

मोठ्या माणसांची उदाहरणं फसवी असतात, हे मला कळतं. बार्डीन एकच होतो. पण दुसऱ्या एका मोठ्या माणसाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात बेकारी आहे.

पॉल डिरॅक. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. सोळाव्या वर्षी, १९१८ मध्ये, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेला, १९२१ मध्ये पहिल्या वर्गात पास झाला. आणि नोकरी मिळाली नाही. महायुद्धानंतरची मंदी होती. केंब्रिजला प्रवेश मिळत होता, पण जी शिष्यवृत्ती मिळाली ती वर्षाला सत्तर पौंडांची, तेवढ्यात भागेना. तेव्हा ब्रिस्टलच्याच गणित विभागानं त्याला फी न घेता शिकायला बसवलं. दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, तो केंब्रिजला पोचला. १९२८ मध्ये त्यानं इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. त्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा उलट विद्युतभार असलेला जुळा भाऊ निघाला. तो तोवर कुणी पाहिला नव्हता, आणि १९३२ मध्ये खरंच सापडला. १९३३ मध्ये नोबेल.

आता अशा माणसानं इंजिनिअरिंगची तीन वर्षं वाया गेली, असं म्हणायला हवं होतं. तो उलट सांगत राहिला. आधी त्याला वाटे, की अचूक समीकरणांनाच काय ती किंमत. इंजिनिअरिंगनं त्याला शिकवलं, की खऱ्या जगातली सगळी समीकरणं अंदाजाची असतात, आणि अंदाजालाही सौंदर्य असतं. त्याच्या नावानं ओळखलं जाणारं 'डेल्टा फंक्शन' त्याला बहुधा त्याच शिक्षणातून सुचलं, असंही त्यानं म्हटलं आहे. तुळईवर एकाच बिंदूवर भार पडला तर तो गणितात कसा लिहायचा, हा इंजिनिअरचा रोजचा प्रश्न. तेच डेल्टा फंक्शन आज इलेक्ट्रिकलच्या मुलांना सिग्नलच्या पेपरात येतं. आपल्याच घरची वस्तू शेजारून फिरून परत आलेली असते, आणि पोरांना पत्ता नसतो.

या डिरॅकला कविता आवडत नसे. रॉबर्ट ओपेनहायमर कविता करतात हे कळल्यावर त्यानं त्यांना सुनावलं होतं, अशी गोष्ट सांगतात. विज्ञानात आधी कुणाला माहीत नसलेली गोष्ट सगळ्यांना कळेल अशा शब्दांत सांगायची, आणि कवितेत बरोबर उलट, मग एक माणूस दोन्ही कसं करतो? मला खरं तर राग यायला हवा. पण काही कवितासंग्रह परीक्षणासाठी घरी येतात, ते वाचताना डिरॅकची आठवण होते.

त्याच्या घरातली एक गोष्ट मात्र मी भावाला सांगितली नाही. डिरॅकचा थोरला भाऊ फेलिक्स याला डॉक्टर व्हायचं होतं, वडिलांच्या आग्रहानं त्याला इंजिनिअर व्हावं लागलं. १९२५ मध्ये त्यानं आयुष्य संपवलं. माणूस असं का करतो, ते कुणी एका कारणात सांगू नये. शिवाय माझा भाऊ तसा बाप नाही, आणि सांगितलं असतं तर धमकी दिल्यासारखं झालं असतं.

दोन्ही शिकण्यातल्या अडचणीही खऱ्या आहेत. त्यातल्या काही तर विनोदी. उणे एकच्या वर्गमुळाला सगळं जग 'आय' म्हणतं, इलेक्ट्रिकलवाले 'जे' म्हणतात, कारण त्यांच्याकडे 'आय' म्हणजे प्रवाह. जुन्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत एककंही वेगळी, त्यामुळं तीच समीकरणं निराळी दिसतात. हे महिन्याभरात अंगवळणी पडतं. मोठी अडचण वेळेची. इंजिनिअरिंगचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतं, हजेरी सक्तीची. बी.एस्सी.चं कॉलेजही त्याच वेळात. म्हणजे आयोगाची परवानगी हातात असली तरी घड्याळ परवानगी देत नाही. मग मुक्त विद्यापीठ उरतं. तिथं वाचन घरी होतं, पण प्रयोगांसाठी अभ्यासकेंद्रावर सलग काही दिवस हजर राहावं लागतं, म्हणजे सुट्या गेल्या. आणि प्रयोग टाळून भौतिकशास्त्र शिकता येत नाही. तो साखरेच्या पाण्याचा कोन स्वतः डोळा लावून मोजावा लागतो.

दुसऱ्या वाटा आहेत. बिट्स पिलानीत, आणि त्यांच्या गोव्याच्या संकुलातही, एम.एस्सी. भौतिकशास्त्र आणि बी.ई. मिळून पाच वर्षांचा दुहेरी अभ्यासक्रम आहे. पण तिथली फी ऐकून भावानं फोन कानापासून लांब धरला असता. काही अभियांत्रिकी संस्थांत भौतिकशास्त्र 'मायनर' म्हणून घेता येतं, मोजके पेपर, वेगळी फी नाही किंवा थोडी. आणि ज्याला पदवीच्या कागदाची गरज नाही, त्याला तर आज रान मोकळं आहे. फाइनमन यांनी १९६१ ते ६३ या काळात दिलेली व्याख्यानं कॅलटेकनं इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवली आहेत, त्यांचा दुसरा खंड मुख्यतः विजेचा आणि चुंबकत्वाचा. आपल्या आय.आय.टी.च्या प्राध्यापकांचे एन.पी.टी.ई.एल.चे तासही फुकट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी इंजिनिअरिंगच्या पदवीधरांनाही प्रवेशपरीक्षा देता येते. नेमक्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघाव्यात.

माझं मत विचाराल तर, केवळ नावापुढं अक्षरं वाढवायची म्हणून दुसरी पदवी घेणं मला पटत नाही. ज्या मुलाला इंजिनिअरिंग नकोसं झालंय आणि भौतिकशास्त्र ही पळवाट वाटतेय, त्यानंही थांबून विचार करावा. तिथं गणित जास्त आहे, कमी नाही. पण ज्याला आपल्याच विषयातला 'का' झोपू देत नाही, त्याला अडवू नये. आणि क्रम म्हणाल तर आधी विद्युतचुंबकीय क्षेत्रं, कारण ती अर्धी ओळखीची असतात, मग प्रकाश, मग पुंज भौतिकी. हा क्रम पुतणीचा, मी नुसता पोचवतोय.

भावाशी बोललो तेव्हा मी होमी भाभांची गोष्ट सांगितली. भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते यंत्र अभियांत्रिकी शिकायला. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, ही घरच्यांची इच्छा. वर्षभरात त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवलं, की आपला जीव भौतिकशास्त्रात आहे. वडिलांनी सौदा केला. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग पुढचा खर्च मी देतो. १९३० मध्ये भाभांनी पहिला वर्ग आणला. वडिलांनी शब्द पाळला.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा बाप हुशार होता." आणि त्यानंही सौदा केला. इंजिनिअरिंगचा एकही पेपर मागं राहिला, तर दुसरं बंद. मुक्त विद्यापीठाची फी दुकानातून जाणार नाही. ती मी भरतो. कवीच्या मानधनातून भागेल इतकीच आहे ती. लायसन्सचं स्वप्न त्यानं सोडलेलं नाही, आणि सोडायचं कारणही नाही.

एक गोष्ट त्याला मनापासून आवडली. आमच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो इंडिया' वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च अंदाजे २,६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो मोजायचा. काय मोजायचं ते भौतिकशास्त्र सांगतं, आरसे स्थिर ठेवायचं काम इलेक्ट्रिकलवाल्यांचं. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांच्या नोंदींत एक टोक कायम दिसतं, साठ आवर्तनांवर. ती दोन कृष्णविवरांची टक्कर नसते, तिथल्या विजेच्या लाइनची गुणगुण असते, आणि ती गाळून काढावी लागते. आपल्याकडे ती पन्नासवर येईल.

पुतणीनं हे सांगितल्यावर भावानं हातातली कॉइल खाली ठेवली. "म्हणजे आमच्या लाइनचा आवाज तिथंही जाणार," तो म्हणाला. मग विचारलं, की तिथं मोटारी किती एचपीच्या बसवतील. तिला सांगता आलं नाही. शोधून सांगते, म्हणाली.